मर्यादेतून सुचलेली वाट

दादासाहेब फाळके यांच्याजवळ चित्रपटासाठी पैसा नव्हता. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली, ती दाखवून भांडवल उभे केले. तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

माझा अनुभव लहान आहे. बी.कॉम. होऊन मी दुकान थाटले, तेव्हा भांडवल तुटपुंजे होते. म्हणून केवळ शालेय गणवेशाचे कापड ठेवले. प्रत्येक शाळेचा रंग, इयत्तेगणिक लागणारे कापड मुखोद्गत झाले. तागा पडून राहत नसे. पुढे बँकेचे कॅश क्रेडिट मिळाले आणि साड्या, सुटिंग, शर्टिंग सारेच भरले. दोन दिवाळ्या उलटल्या. माल तसाच, व्याज मात्र वाढले. अखेर पत्नीच्या बांगड्या मोडाव्या लागल्या. चूक सर्वस्वी माझी होती.

टंचाईचा गौरव मी करीत नाही. परंतु थोडे असता नेमके काय हवे, हे माणूस नीट पाहतो. भांडवल वाढल्यावरही ती दृष्टी राखणे, हेच व्यापाऱ्याचे परिग्रह-परिमाण होय.