बदलाचं ओझं कोण उचलतं?

(सिंदी मेघे येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत, कुणी दुकानात काम करता. "उद्यापासून नवी पद्धत" हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. एकदा ते मीच बोलले होते. आज त्या चुकीबद्दल सांगते.

मी एका पतसंस्थेत होते. खातेवह्या संगणकावर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. मार्चअखेरचा हिशेब झाला आणि १ एप्रिलला मी जुन्या वह्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिथं एक जुने कारकून होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते म्हणाले, "बेटा, थोडे दिवस दोन्ही चालू ठेव." मला वाटलं, चाचांना संगणकाची भीती वाटते. चार लोकांसमोर हसून मी म्हटलं, "चाचा, आता वही विसरा." त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

जूनमध्ये एक विधवा बाई मुलीच्या फीसाठी ठेव काढायला आल्या. पासबुकात रक्कम होती, संगणकात नव्हती. मी त्यांना तीनदा परत पाठवलं. चौथ्या खेपेला चाचांनी त्यांना पाहिलं आणि कपाट उघडायला लावलं. अर्ध्या तासात पान सापडलं. शमीम, शमीमबी, शमीम बानो: या एकच की तिघी? मी दोन बायकांची खाती एक करून टाकली होती. चाचा नुसत्या नावावर कधीच जात नसत. नवऱ्याचं नाव, गाव, मोहल्ला, सही की अंगठा, हे सगळं ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत. ते मी संगणकात घेतलंच नव्हतं.

फी शेवटच्या दिवशी भरली गेली. पण बदल मी केला आणि त्याचं ओझं वाहिलं त्या बाईंनी आणि चाचांनी. माझं काहीच गेलं नाही. म्हणून मी आता कुठलाही बदल दिसला की आधी विचारते, याचं ओझं कुणावर?

मोठ्या संस्थांनाही एका दिवसात बदल जमत नाही. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. पण सगळ्या शाखा एका संगणक प्रणालीवर यायला डिसेंबर २०२० उजाडला. कागदावरची तारीख एक असते, माणसांना आणि कामाला लागणारा वेळ वेगळा असतो.

आणि इथून जवळच, वर्ध्यात, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती. नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसैन. देशातल्या शिक्षकांना बदला म्हणणाऱ्या या माणसानं आधी स्वतःच्या संस्थेत काय केलं होतं? १९२६ मध्ये, तिशीच्या आत, त्यांनी जामिया मिल्लियाची जबाबदारी घेतली. पुढच्याच वर्षी हकीम अजमल खान गेले आणि पैशाची चणचण वाढली. तेव्हा झाकीर हुसैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली: वीस वर्षं इथंच काम करू, महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. संस्था वाचवायचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनीच त्याची किंमत मोजली.

आपल्या घरात, कचेरीत संगणक येणारी पहिली व्यक्ती बहुधा तुम्हीच असता. त्यामुळे बदलाचं काम तुमच्याकडेच येणार. तेव्हा एवढं करा. जो माणूस ते काम रोज करतो, त्याच्या शेजारी आठवडाभर बसा. जुनी आणि नवी पद्धत ठरावीक मुदतीपर्यंत सोबत चालवा. वडीलधाऱ्यांना चारचौघांत शिकवू नका, बाजूला बसून शिकवा. कुणी शंका काढली तर ती लिहून घ्या. आणि चूक झाली तर ग्राहकाला खेपा घालायला लावू नका, खेपा तुम्ही घाला.

मी चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी राहू दे, बेटा. समासातलं लिहून घे." पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी तेच केलं.