लाही, तूस आणि ऊन

लाही कशी फुटते हें आपण अनेकदां पाहिलें असेल. तापलेल्या कढईंत दाण्यांतील ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फुलून हलका होतो. उष्णता अडविणारे हलके कण कारखान्यांत असेच करतात. परलाइट ही ज्वालामुखीची कांच. तिच्या पोटांत थोडें पाणी असतें. भरडून सुमारें ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविली, कीं ती मऊ होते आणि वाफेनें तिचे कण चौपटीपासून वीसपटीपर्यंत फुगतात.

त्यांचें खरें बळ कोंडलेल्या हवेंत आहे. खेळती हवा उष्णता वाहून नेते. बारीक कप्प्यांत अडकलेली हवा तिला सहजीं वाट देत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतून मुंबईस बर्फ येई, तें लाकडाच्या भुशाच्या आधारानेंच टिके.

आमच्या अलोऱ्याभोंवतींचा काळा पाषाण असा फुलत नाहीं. पण येथें भात पिकतें. भाताच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस असतें. त्याच्या राखेंत मुख्यतः सिलिका असते. वितळलेल्या पोलादाची उष्णता टिकावी म्हणून कारखान्यांत ती राख त्यावर पसरतात.

कोंकणांत कौलांच्या जागीं पत्रे आले. वैशाखांत त्यांखालीं म्हातारीं माणसें आणि तान्हीं मुलें तळमळतात. छतांत तुसाच्या राखेचा थर दिल्यास ती काहिली कमी होईल. मात्र तो कोरडा राहिला पाहिजे. हवेची जागा पाण्यानें घेतली, कीं उष्णता सुखानें आंत शिरते. गिरणीमागील तुसाचा ढीग उकिरड्यावर लोटण्यापूर्वीं एवढा विचार अवश्य व्हावा.