स्वस्त ग्राफिक्स कार्ड आणि विजेचा जोड

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत सातपूर लागतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या जुन्या वसाहतींपैकीं एक येथें उभी राहिली. विजेचीं उपकरणें हें या वसाहतीचें एक ठळक अंग होय. एबीबी कंपनीच्या येथील कारखान्यांत हजारों व्होल्टांच्या दाबाचा प्रवाह तोडणारे निर्वात सर्किट ब्रेकर तयार होतात. अशा धंद्यांत मुरलेल्या कारागिराला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं: तार सहसा मध्यें जळत नाहीं, जळतो तो जोड. स्पर्श जेथें अपुरा, तेथें रोध अधिक; आणि रोध जेथें अधिक, तेथें उष्णता अधिक.

हेंच तत्त्व त्या कारागिराच्या घरीं मुलाच्या मेजावर असलेल्या संगणकालाहि लागू आहे. चित्रें, आराखडे आणि खेळ पडद्यावर झरझर उमटविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें, आणि त्याला बहुतेक वीज मिळते ती अवघ्या १२ व्होल्टांच्या दाबानें. १२ व्होल्ट म्हटले कीं सामान्य माणूस निर्धास्त होतो. एवढ्या दाबाचा झटका बसत नाहीं. परंतु दाब कमी, तर तीच शक्ति पोंचविण्यास प्रवाह मोठा लागतो. घरांतील १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टांवर सुमारें ४.३ अँपिअर घेते; १५० वॉटचें कार्ड १२ व्होल्टांवर १२.५ अँपिअर घेतें, म्हणजे इस्त्रीच्या जवळजवळ तिप्पट. त्यांतून जोडांतील उष्णता वाढते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट.

ही वीज कार्डापर्यंत पोंचण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. मदरबोर्डावरील ज्या खांचेंत कार्ड बसतें, ती जास्तींत जास्त ७५ वॉट देते, आणि त्यांपैकीं १२ व्होल्टांचे केवळ ६६. सहा पिनांची स्वतंत्र जोडणी आणखी ७५ वॉटांसाठीं आणि आठ पिनांची १५० वॉटांसाठीं प्रमाणित आहे. या आठांपैकीं १२ व्होल्टांच्या पिना तीनच; म्हणजे पूर्ण भारावर प्रत्येकीच्या वांट्याला सुमारें ४.२ अँपिअर येतात. चांगली पिन याहून पुष्कळ अधिक सोसते. हा जो जादा वाव, तोच घराचा खरा विमा होय.

स्वस्त कार्डाच्या रचनाकारापुढें येथेंच पेंच पडतो. जोडणी बसविली तर खर्च वाढतो, आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या एसएमपीएसला ती तार नसेल तर विक्रीच खुंटते. न बसविली तर सारा प्रपंच ७५ वॉटांत उरकावा लागतो. २०१६ सालच्या जीटीएक्स १०५० टीआय या कार्डाच्या मूळ रचनेनें ही मर्यादा पत्करली. २०२४ चें ६ जीबीचें आरटीएक्स ३०५० तर ७० वॉटांवरच थांबलें. वेग बेताचा मिळाला, पण जो जोड नाहीं, तो जळणारहि नाहीं.

त्याच २०१६ सालीं एएमडी कंपनीचें आरएक्स ४८० हें माफक किमतीचें कार्ड एका सहा पिनी जोडणीसह आलें. खांचेचे ७५ आणि जोडणीचे ७५ मिळून १५० वॉट. कागदावर हिशेब तंतोतंत जमला. परंतु तंतोतंत हिशेबांत चुकीला जागा नसते. परीक्षकांनीं मोजमाप केलें, तेव्हां तें कार्ड खांचेंतून ठरलेल्यापेक्षां अधिक वीज ओढतांना आढळलें. जुलैमध्यें कंपनीला नव्या सॉफ्टवेअरनें तो भार हलवावा लागला, आणि पुढल्या वर्षींच्या आरएक्स ५८० कार्डांवर आठ पिनांची जोडणी सर्रास दिसूं लागली.

वाव छाटण्याचा हा मोह स्वस्त मालापुरताच नाहीं. २०२२ सालीं महागड्या कार्डांसाठीं ६०० वॉटांची नवी जोडणी आली. तिच्यांत ५० अँपिअर सहा लहान पिनांवर वांटले जातात, प्रत्येकीवर ८.३, आणि पिनेची मर्यादा ९.५. आरटीएक्स ४०९० या कार्डाच्या कांहीं जोडण्या वितळल्या. त्या पुरत्या आंत न बसल्याचें एक प्रमुख कारण पुढें आलें. २०२३ सालीं सूचना देणाऱ्या पिना आंखूड करण्यांत आल्या, ते जोडणी अर्धवट बसली असतां कार्डानें पूर्ण भार घेऊं नये म्हणून. माणूस चुकणार हें गृहीत धरून केलेली रचनाच खरी रचना.

ज्या घरीं पैसा जपून खर्च करावा लागतो, तेथें धोका बहुधा दुसऱ्याच वाटेनें शिरतो. एसएमपीएसला सहा पिनी तार नसते, आणि दुकानांतून थोडक्या पैशांत साटाच्या तारेवरून सहा पिना काढून देणारा अडॅप्टर आणला जातो. साटाच्या जोडणींत १२ व्होल्टांच्या तीन पिना, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे एकंदर ५४ वॉट. तिच्याकडून ७५ वॉटांची अपेक्षा करणें म्हणजे विस्तवाला घरीं बोलावणें होय. अशा घरीं जोडणीवांचूनचें, ७५ वॉटांच्या आंतील कार्डच शहाणपणाचें. अधिक शक्तीचें हवें असेल, तर आधीं चांगला एसएमपीएस घ्यावा, जोडणी खटका लागेपर्यंत आंत दाबावी आणि तार तोंडाशींच वांकवूं नये.

सातपूरच्या कारखान्यांत जोडाचा बोल्ट नेमक्या जोरानें आंवळला कीं नाहीं, हें माल बाहेर पडण्यापूर्वीं पाहणारा जाणता माणूस असतो. घरांतील मेजाशीं असा कोणी नसतो. म्हणून त्या जाणत्या माणसाची दक्षता रचनाकारानें जोडणींतच घालून ठेविली पाहिजे. आणि ती घातलेली आहे कीं नाहीं, हें गिऱ्हाइकानें वेगाचे आंकडे वाचण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे.