लेखणी आणि गिऱ्हाईक



आज आम्ही घेतलेला विषय साहित्याचा नसून पोटाचा आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अशी कितीतरी माणसे राहतात, की ज्यांना कचेरी नाही आणि पगाराची तारीखही नाही. घरातल्या टेबलाशी बसून ती दुसऱ्यांसाठी लिहितात. कुणी मालिकेचे संवाद लिहितो, कुणी जाहिरातीचा मजकूर, कुणी संस्थेची स्मरणिका. आम्ही त्यांच्यापैकीच.

या धंद्यातली पहिली अडचण अशी की, ज्याला अक्षरओळख आहे त्याला लेखन सोपे वाटते. नळ कसा आवळावा हे प्लंबरला कोणी शिकवीत नाही. वाक्य कसे लिहावे हे मात्र लेखकाला सर्वजण शिकवतात. "तुम्हांला काय, अर्ध्या तासाचे काम!" अशी सुरुवात होते. मजकूर हाती पडला की, "नेमके काय हवे ते सांगता येत नाही, पण हे नव्हे," असे उत्तर येते. चौथ्या खर्ड्याला गिऱ्हाइकाचे मेहुणेही आपले मत देतात. शेवटी काम पसंत पडते, तेव्हा साहेब बाहेरगावी गेलेले असतात. मुलांच्या शाळेची फी आणि सोसायटीचे मासिक बिल मात्र साहेबांच्या परतण्याची वाट पाहत नाहीत.

तथापि गिऱ्हाइकाची बाजूही पाहिली पाहिजे. तो कापड हातात घेऊन पाहू शकतो. लेख लिहून होईपर्यंत त्याला दिसत नाही. त्यातून त्याची अब्रू त्या मजकुरावर अवलंबून असते. त्याची चलबिचल आम्ही समजू शकतो. प्रश्न एवढाच, की त्या चलबिचलीची किंमत कुणी द्यायची?

आपल्या बाजारातला शिंपी पहा. तो माप घेतो, वहीत लिहितो, आगाऊ रक्कम घेतो आणि पावती फाडून देतो. कपडा घट्ट झाला तर तो सैल करून देईल. पण सदऱ्याचा कोट करून मागितला तर वेगळे पैसे सांगेल. त्यात कुणाचा अपमान होत नाही. लेखनाच्या व्यवहारात मात्र पैशाचे आधी बोलणे असभ्य समजतात आणि त्या भिडेतूनच पुढचे भांडण जन्मते.

कायदा भिडस्त नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो लेखकच असतो. आणि ती मालकी दुसऱ्याला द्यायची तर सहीचा कागद लागतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे, काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत देण्याचे बंधन घातले आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र नोंदणी काम घेण्याआधी करावी. भांडण झाल्यावर धावून उपयोग नाही. चित्रपट आणि मालिका लिहिणाऱ्यांसाठी अंधेरीतच स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. तिच्याकडे तक्रारी ऐकणारी समितीही आहे.

नावाचाही प्रश्न लहान नाही. 1973 साली 'जंजीर'च्या भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी माणूस लावून ती मुंबईभर रंगवून घेतली. प्रत्येकाला असे साधणार नाही. म्हणून नाव येणार की नाही, हे आधीच ठरलेले बरे.

आमचे मागणे फार नाही. काम काय, शब्द किती, दुरुस्त्या किती वेळा, शेवटचा शब्द कुणाचा, आगाऊ किती आणि उरलेले कधी, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. आपणांपैकी पुष्कळजण संस्थांचे चिटणीस आहेत, दुकानदार आहेत, उद्या कुणाकडून तरी काही लिहवून घेणार आहेत. त्या लेखकाने असा कागद पुढे केला तर तो अविश्वास दाखवतो असे समजू नये. त्याला आपले काम नीट करावयाचे आहे, असे समजावे.