चिपाडातील दुसरी साखर



धाराशिव जिल्ह्यातील ढोकी या गावाचे नाव तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्याशी जोडले गेले आहे. मधली अनेक वर्षे या कारखान्याची चाके थांबली होती. कारखाना थांबला म्हणजे ऊस उत्पादकाचे किती अडते, याचा अनुभव तेरणाकाठच्या गावांनी घेतलेला आहे. अशा भागात एका टन उसातून काय काय निघू शकते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

शंभर टन ऊस गाळला असता साधारणपणे १० ते ११ टन साखर आणि सुमारे ३० टन ओले चिपाड, म्हणजेच बगॅस, मिळते. त्यातील निम्मे पाणी वगळले तर १५ टन कोरडा पदार्थ उरतो. यात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि उरलेले बहुतांशी लिग्निन असते. पहिले दोन पदार्थ बहुशर्करा होत. साखरेचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडून वनस्पतीने ते बांधलेले असतात. म्हणजे शंभर टन उसामागे सुमारे चार टन हेमिसेल्युलोज बॉयलरमध्ये जळते.

मग चिपाड गोड का लागत नाही? वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हे विचारणारच. ज्वारीच्या दाण्यातील स्टार्च आणि कडब्यातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच बनलेली असतात. फरक असतो तो जोडणीच्या पद्धतीत. दाण्यातील जोड माणसाची पाचक विकरे तोडू शकतात, कडब्यातील जोड तोडू शकत नाहीत. बैलालाही ते स्वतः साधत नाही; त्याच्या पोटातील सूक्ष्मजीव ते काम करतात. एकाच ताटाचा दाणा धन्याला आणि कडबा बैलाला, ही वाटणी अशी रसायनशास्त्राला धरूनच झालेली आहे.

उसाच्या हेमिसेल्युलोजमध्ये झायलन मुख्य असते. सौम्य अल्कलीने ते वेगळे करून विकरांच्या साहाय्याने तोडले, की दोन ते सात घटकांच्या आखूड साखळ्या मिळतात. त्या लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील बायफिडो जातीच्या उपकारक जीवाणूंचे खाद्य बनतात. माणसांवरील चाचण्यांत या जीवाणूंची संख्या वाढल्याचे आढळले आहे. जपानमध्ये अशा शर्करा खाद्यपदार्थांत वापरल्या जातात. सोयाबीनच्या चोथ्यातील विद्राव्य बहुशर्कराही तेथे आंबट दुग्धपेये फाटू नयेत म्हणून घालतात. धाराशिव-लातूर भागात सोयाबीन मुबलक पिकते, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले. झायलन व सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

तथापि प्रतिकारशक्ती वाढते, गाठी विरघळतात, अशा जाहिराती वाचताना सावध राहावे. वनस्पतीजन्य बहुशर्करांनी काचपात्रातील पांढऱ्या पेशी उत्तेजित होतात हे खरे. पण नमुन्यात जीवाणूंच्या विषाचा अंश राहिला तरी नेमका तोच परिणाम दिसतो. काचपात्रातील निष्कर्ष हे औषध नव्हे.

‘टाकाऊ’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. बगॅसवर कारखान्याची वाफ आणि वीज चालते. झायलन काढून घेतले तर तेवढ्या इंधनाची सोय अन्यत्र करावी लागेल. अल्कलीने धुण्यासाठी पाणी लागते आणि धुतलेले पाणी शुद्ध केल्यावाचून ओढ्यात सोडता येत नाही. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या जिल्ह्यात हा खर्च प्रथम मांडावा लागेल. कडब्याचा तर विचारच नको; दुष्काळात तो गुरांच्या तोंडचा घास आहे. शेतात पेटवून दिले जाणारे पाचट मात्र खऱ्या अर्थाने वाया जाते, आणि ते सरीत कुजवण्यासाठी कोणत्याही यंत्रसामग्रीची वाट पाहावी लागत नाही.

चिपाडाची आणखी एक जैविक क्रिया आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. ओलसर बगॅसचा ढीग आतून तापतो व त्यात बुरशीसारखे सूक्ष्मजीव वाढतात. तो वाळल्यावर उपसताना उडणारी धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा विकार जडतो. अमेरिकेत १९४१ मध्ये त्याची प्रथम नोंद झाली. ‘बगॅसोसिस’ या नावाने तो ओळखला जातो. ताप, खोकला व धाप ही लक्षणे साध्या हिवतापासारखी वा दम्यासारखी भासतात, त्यामुळे निदान चुकते. ढिगावर दोन टक्के प्रोपिऑनिक आम्लाचे द्रावण फवारल्यास सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते. ढीग उपसणाऱ्या मजुराच्या नाकातोंडावर धूळ अडवणारी चांगली पट्टी असावी, आणि दवाखान्यात गेल्यावर आपण बगॅसवर काम करतो हे त्याने डॉक्टरांना आवर्जून सांगावे.