‘मानवनिर्मित’मधला मानव कोण?

(कोल्हापुरातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी शिरोळ तालुक्यातला. मुंबईच्या गोदीत कंत्राटी मजूर आहे आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा मी हवामानावर बोलायला उभा राहिलो की काही शहाण्यांना हसू येणार. येऊ द्या. ज्याची थुंकी पाळी संपल्यावर काळी पडते, त्याला कोळशावर बोलायचा हक्क आहे.

आपल्यातली काही पोरं म्हणतात, हवामानबदलाचं हे लफडं गोऱ्यांनी आणि बंगलेवाल्यांनी काढलंय. आपला प्रश्न जातीचा आणि भाकरीचा, झाडाबिडांचा नाही. दुसरे म्हणतात, पूर पूर्वीपण यायचा, ऊन पूर्वीपण पडायचं. माणूस कोण लागून गेला आभाळ तापवणारा? निसर्गच करतो सगळं.

हे दुसरं पहिल्यांदा घेतो. ‘निसर्गच करतो’ हे वाक्य आपण कधी ऐकलंय, आठवा. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं तेव्हाही कुणी केलं नव्हतं म्हणे. नशीब होतं, पूर्वजन्मीचं पाप होतं. जिथं कुणाचा तरी भक्कम फायदा असतो तिथं ‘कुणीच केलं नाही’ असं सांगणारा एक भट लागतोच. इथला भट सुटाबुटातला आहे, एवढाच फरक. अमेरिकेतल्या एक्सॉन या तेलकंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते १९८२ या काळात साहेबांना सांगितलं होतं, की तेल-कोळसा जाळून पृथ्वी तापणार. कंपनीनं ते ऐकलं, आणि पुढं कित्येक वर्षं लोकांच्या डोक्यात ‘अजून काही नक्की नाही’ हे पेरायला पैसा ओतला. तो संशय फिरत फिरत आपल्या पोरांच्या तोंडी आलाय. फुकटात.

पण समोरच्याचे हितसंबंध उघडे पाडले म्हणजे आपलं खरं ठरलं असं नाही. पुरावा वेगळा द्यावा लागतो. ऐका.

कुणी म्हणतो सूर्यच जास्त तापला. मग वरपासून खालपर्यंत सगळी हवा तापायला पाहिजे. तसं झालेलं नाही. जमिनीजवळची हवा तापतेय आणि फार वरचा थर गार होतोय. थंडीत आज्जीची वाकळ घ्या अंगावर. वाकळ जाड असली की आत घाम फुटतो, आणि वरून हात लावला तर वाकळ गारच. बाहेरून ऊन लागलं असतं तर वाकळ वरूनच आधी तापली असती. ही वाकळ कार्बन डायऑक्साइडची आहे. हा वायू हवेत दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब अऱ्हेनियस नावाच्या स्वीडिश माणसानं १८९६ साली हातानं मांडला होता. तेव्हा ना कुठली पर्यावरणाची संस्था होती, ना कुणाला त्यासाठी देणगी मिळत होती. १९५८ पासून हवाई बेटावरच्या एका डोंगरावर हा वायू मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. आणि ही भर कोळसा-तेलाचीच कशावरून? तर कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कार्बनची ठेवण वेगळी असते, प्रयोगशाळेत ती ओळखता येते. चोर पायाचे ठसे ठेवून गेलाय.

आता आपल्या पुराचं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५५ च्या वर. एकच पूर दाखवून ‘बघा, हवामान बदललं’ म्हणणारा चळवळ्या मला पटत नाही. पुराला धरणांचे दरवाजे आहेत, पुलांचे आणि रस्त्यांचे भराव आहेत, निळ्या पूररेषेच्या आत उठलेल्या इमारती आहेत. पण तापलेली हवा दर अंशाला सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते, आणि पृथ्वी एक अंशाहून जास्त तापून झाली आहे. म्हणजे आभाळ फाटतं तेव्हा जास्त फाटतं. कागदावर लाल रेषेचा पूर शंभर वर्षांतून एकदा, निळ्या रेषेचा पंचवीस वर्षांतून एकदा. इथं तर २००५, २०१९, २०२१. सोळा वर्षांत तीन महापूर, आणि आपण जुन्याच पंचांगावर बसलोय.

आणि पाणी आल्यावर काय? २०१९ साली सरकारी आदेश निघाला, की घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर फुकट १० किलो गहू, १० किलो तांदूळ. भुकेला घड्याळ लावलं साल्यांनी. आमच्या वस्तीत घरं पडली. एका कचेरीत मी विचारायला गेलो तर म्हणाले, उतारा आणा. गायरानातल्या घराला कुठला आलाय उतारा? उसाचा पंचनामा झाला. ऊस तोडणाऱ्याच्या भांड्याकुंड्यांचा, बुडालेल्या रोजगाराचा पंचनामा कोण करतो?

म्हणून पहिल्या पोरांचा राग मला समजतो. त्यांचा राग खरा आहे. १९९५ साली मुंबईत पर्यावरणवाद्यांची एक संस्था कोर्टात गेली, १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. झाडं वाचवायची म्हणून. त्या झोपड्यांत आपलीच माणसं होती. इकडं चांदोलीचं अभयारण्य १९८५ ला झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं, आणि उठवलेली माणसं जमिनीसाठी याच कोल्हापुरात कलेक्टर कचेरीसमोर वर्षानुवर्षं बसली. गाडगीळ समितीनं २०११ साली लिहिलं होतं, पश्चिम घाटात काय करायचं ते ग्रामसभेला विचारून ठरवा. तो अहवाल बासनात गेला. माणसाला विचारा म्हणणारा पर्यावरणवाद या देशात चालत नाही. माणसाला हाकला म्हणणारा चालतो.

तेव्हा संशय घ्या, जरूर घ्या. बंगलेवाल्यावर घ्या. तापमापकावर का घेता? त्याला जात नाही.

‘पाणी आपला विषय नाही’ म्हणणाऱ्यानं जरा महाडकडं बघावं. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेब काय निसर्गसौंदर्य बघायला गेले होते? १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात होते, मजूर खातं त्यांच्याकडं, आणि दामोदर नदीच्या पुरावरची योजना त्यांच्याच हाताखाली आकाराला आली. नदी ही आकड्यांनी वाचायची गोष्ट आहे, हे आपल्या बापाला ठाऊक होतं.

आता त्या शब्दावर येतो. ‘मानवनिर्मित’. शास्त्रज्ञानं तो सूर्य आणि ज्वालामुखी वगळायला वापरला, त्याचं बरोबर आहे. पण व्यासपीठावर चढला की हा शब्द लबाड होतो. ‘आपण सगळ्यांनी पृथ्वी तापवली, आपण सगळ्यांनी कमी वापरायला पाहिजे.’ आपण सगळे म्हणजे कोण? अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सुमारे २ टन. आणि त्या दोन टनांच्या सरासरीत एसीत झोपणारा पण आहे आणि पत्र्याखाली झोपणारी माझी आई पण. तिनं कमी काय करायचं? श्वास? मी बार्जमधून कोळसा ओढतो. तो जाळून जी वीज होते तिचा नफा माझ्या खात्यात येत नाही. मे महिन्यात धक्क्यावर लोखंड तापतं तेव्हा चक्कर येऊन पडणारा मात्र आमच्या टोळीतलाच असतो. उद्या कोळसा बंद करा म्हणाल तर करा, बापहो. पण आमच्या टोळीचं पुढं काय, ते आधी सांगा. ही अट लावणारा पर्यावरणाचा शत्रू नसतो.

बरं, काम सांगतो. पावसाळा तोंडावर आहे. अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायची तयारी कर्नाटक करतंय, त्याचं भांडण मोठी माणसं भांडतील. आपण घरांची यादी करायची. गायरानातलं, नदीकाठचं, उतारा नसलेलं प्रत्येक घर, त्यात माणसं किती, म्हातारं-अपंग कोण, २०१९ ला पाणी कुठल्या विटेपर्यंत आलं होतं, २०२१ ला कुठपर्यंत. फोटो काढायचे, सह्या-अंगठे घ्यायचे, आणि पाणी यायच्या आधी तहसीलदाराच्या टेबलावर ठेवून पोच घ्यायची. शिरोळपासून सुरू करतोय, रविवारी सकाळी. माझी रजा मंगळवारपर्यंतच आहे. येताना वही आणि मोजायची टेप आणा.