न खपलेल्या डब्यांचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)





ज्या शाळेच्या बाकावर बसून मी दहावीपर्यंत शिकलो, त्याच शाळेने आज मला व्यासपीठावर बोलावले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. अशा समारंभात पाहुण्याने यशावर बोलावे अशी रीत आहे. मी मात्र बाजारात अपयशी ठरलेल्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. शीतपेयाचा जो डबा कोणी विकत घेतला नाही, ज्याची मुदत दुकानातच किंवा गोदामातच संपली, त्याचे पुढे काय होते, हा माझा विषय. विषय क्षुल्लक वाटेल. पण माझे शिक्षण किती अपुरे आहे हे मला याच डब्याने दाखवून दिले.

१९८८ साली मी दहावी उत्तीर्ण झालो. विज्ञानात गुण चांगले होते. "पुढे शिकव," असे गुरुजींनी वडिलांना सांगितलेही होते. परंतु आमच्या वाडीतील मुले आखातात जाऊन पैसे पाठवीत होती, मलाही घाई झाली. काही वर्षे मुंबईत काढून मी आखाती देशातील एका शीतपेय वितरकाच्या गोदामात हमालीला लागलो.

तिथे मला पहिल्यांदा कळले की शीतपेयही शिळे होते. मागणीचा अंदाज चुकतो, नवी चव लोकांना आवडत नाही, खोकी आदळून डबे चेपतात, उन्हाळ्यात गोदाम तापते. साखरेऐवजी ॲस्पार्टेम घातलेल्या पेयांची गोडी तर ठेवून ठेवून कमी होत जाते. असा माल वेगळा काढून त्याची विल्हेवाट लावावी लागते.

एका वर्षी असाच हजार खोकी माल निघाला. ठेकेदाराच्या माणसाने आम्हाला हुकूम केला, "डबे फोडा आणि मागच्या नाल्यात ओता." आम्ही पाच दिवस तेच केले. नाला पुढे एका उथळ, साचलेल्या खाजणाला मिळत होता. आठवड्याच्या आत तिथले पाणी घाण मारू लागले आणि लहान मासे पोट वर करून तरंगू लागले. तपासणीसाठी केरळचे एक वयस्कर रसायनतज्ज्ञ आले. त्यांनी मला हिंदीत विचारले, "या पेयात विष होते का?" मी म्हणालो, "नाही साहेब, हे तर माणसे पितात." ते म्हणाले, "मग मासे का मेले?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हा त्यांनी एक पुठ्ठा उलटा केला आणि पेन्सिलीने गणित मांडले. विद्यार्थी मित्रांनो, ते गणित तुम्हीही माझ्याबरोबर करा.

एका खोक्यात २४ डबे, म्हणजे हजार खोक्यांत २४,००० डबे. प्रत्येकात ३३० मिलिलिटर पेय, म्हणजे एकूण ७,९२० लिटर. कोलासारख्या गोड पेयाच्या अशा एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे आम्ही नाल्यात ८४० किलो साखर ओतली होती! साखर पाण्यात मिसळली की सूक्ष्मजीव ती खातात आणि ती पचवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ३५ ग्रॅम साखर पूर्णपणे पचायला सुमारे ३९ ग्रॅम प्राणवायू लागतो. उष्ण प्रदेशातील एक लिटर पाण्यात मात्र तो फार तर ८ मिलिग्रॅम असतो. भागाकार करून पाहा. एका डब्यातील साखर जवळजवळ ५,००० लिटर पाण्यातील प्राणवायू संपवू शकते. मासे विषाने मेले नव्हते, ते गुदमरून मेले होते. आणि त्यांना गुदमरवणाऱ्या हातांत माझेही हात होते.

गणित संपल्यावर ते गृहस्थ एवढेच म्हणाले, "हे तर शाळेत शिकवतात." खरे होते. प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि मासे त्यावर जगतात, हे याच शाळेत आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहिले होते. मी ते परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षेबरोबर सोडून दिले.

मग योग्य रीत कोणती? पुढे मी रात्रीच्या वर्गांत शिकलो आणि अशा मालाची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्यात काम केले. तिथे जे पाहिले ते थोडक्यात सांगतो.

प्रथम माल मोजला जातो. मग खोक्यांचा पुठ्ठा आणि वरचे प्लॅस्टिक वेगळे काढतात. डबे सरकत्या पट्ट्यावरून दातेरी रुळांच्या यंत्रात जातात. तिथे ते फुटून दाबले जातात आणि पेय खालच्या टाकीत गोळा होते. हे काम साक्षीदारांसमोर होते, त्याचा दाखला दिला जातो. याचे कारण समजून घ्या. डबा अखंड बाहेर गेला, तर त्यावरची तारीख पुसून तो पुन्हा गरिबांच्या वस्तीत विकला जाऊ शकतो. म्हणून त्या दाखल्यावर सही करणारा माणूस प्रामाणिक असावा लागतो. यंत्र कितीही मोठे असले तरी ही जबाबदारी त्याला घेता येत नाही.

टाकीतील पेय फुकट जात नाही. ते आम्लधर्मी असते, म्हणून आधी त्याची आम्लता कमी करतात. मग काही ठिकाणी यीस्टच्या साहाय्याने साखर आंबवून तिचे इथेनॉल करतात. ते पिण्यासाठी नव्हे, तर इंधनासाठी आणि कारखान्यांतील वापरासाठी असते. आपल्या हजार खोक्यांच्या साखरेतून, काम चोख झाले तर, सुमारे ४०० किलो इथेनॉल मिळू शकते. पेयातील परिरक्षक द्रव्ये यीस्टच्या कामात अडथळा आणतात, आणि बिनसाखरेच्या पेयातून तर इथेनॉल निघतच नाही. म्हणून पेयांची आधी निवड करावी लागते. दुसरी रीत आपल्या गोबर गॅससारखीच आहे. बंद टाकीत, हवेशिवाय जगणारे जीवाणू साखरेपासून मिथेन वायू तयार करतात. ज्या साखरेने खाजण मारले, तीच साखर अशा रीतीने चूलही पेटवू शकते.

आता धातूकडे वळू. आजच्या ॲल्युमिनियमच्या रिकाम्या डब्याचे वजन सुमारे १३ ग्रॅम असते. म्हणजे २४,००० डब्यांचे ३१२ किलो झाले. हा धातू येतो बॉक्साइटपासून, आणि बॉक्साइट आपल्या रत्नागिरी-कोल्हापूरच्या तांबड्या मातीतही सापडते. साधारण चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन धातू मिळतो. ॲल्युमिनापासून एक किलो धातू काढायला १३ ते १५ युनिट वीज लागते. बहरीनमध्ये १९७१ साली आणि दुबईत १९७९ साली ॲल्युमिनियमचे कारखाने सुरू झाले, त्यामागे तिथल्या नैसर्गिक वायूवर तयार होणारी वीज होती. जुना डबा वितळवून तोच धातू पुन्हा मिळवायला मात्र मूळ ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. एका डब्यामागे वाचणाऱ्या ऊर्जेचे विजेत मोजमाप केले, तर ९ वॅटचा दिवा जवळजवळ १९ तास जळेल.

हा धातू विजेच्या साहाय्याने स्वस्तात काढण्याची रीत १८८६ साली सापडली. अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू या दोघांनी ती एकमेकांना न कळता स्वतंत्रपणे शोधली. दोघांचाही जन्म १८६३ सालचा! हॉलने आपले प्रयोग घराच्या लाकडाच्या खोपीत केले, आणि रसायनशास्त्र शिकलेली त्याची बहीण ज्युलिया त्याच्या मदतीला होती. मुलींना विज्ञान कशाला, असे म्हणणाऱ्या पालकांनी एवढी एक गोष्ट घरी न्यावी.

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे भंगाराच्या धंद्यावर जगतात. धारावीत ॲल्युमिनियमचे भंगार वितळवून त्याच्या लाद्या पाडतात. या धंद्याला हलके म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. परंतु ज्ञानाशिवाय केलेला हाच धंदा शरीराचे नुकसान करतो. डब्याला बाहेरून रंग आणि आतून लाखेसारखा लेप असतो. उघड्या भट्टीत त्याचा धूर माणसाच्या छातीत जातो. मोठ्या कारखान्यात तो लेप आधी वेगळ्या भट्टीत जाळून त्या धुराचाही बंदोबस्त करतात. डब्याच्या अंगात मँगॅनीज आणि झाकणात मॅग्नेशियम अधिक असते. हे ओळखणाऱ्याला धातूचा भाव अधिक मिळतो. भंगार उचलणारा आणि भंगाराची परीक्षा करणारा, यांच्या मिळकतीत जो फरक आहे, तो शिक्षणाचा आहे.

म्हणून पालकांनो, माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा दहावी झाला की त्याचा पासपोर्ट काढण्याची घाई करू नका. त्याने पुढे आखातात जावे, भंगाराचा धंदा करावा, गोदामात राबावे. कष्टाची लाज कशालाच नाही. पण "हे नाल्यात ओत," असा हुकूम झाल्यावर "साहेब, हे चूक आहे, आणि का ते मी सांगतो," एवढे बोलण्याइतके तरी त्याला शिकू द्या. मला ते बोलता आले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना आज बक्षीस मिळाले त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाले नाही, त्यांनी आज घरी जाऊन एका डब्याचे गणित स्वतः मांडून पाहावे. उत्तर बरोबर आले, तर माझे इथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.